तोंड उघडं ठेवून झोपणारी मुलगी

प्रश्न: नाशिकच्या एका आईचं पत्र. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. दोन-अडीच वर्षांपासून जवळपास रोज रात्री घोरते, तोंड उघडं ठेवून झोपते, सकाळी उशी लाळेनं ओली असते. मध्यंतरी कपाट आवरताना बालवाडीचं ओळखपत्र सापडलं. त्यावरचा फोटो आणि यंदाचा फोटो शेजारी ठेवल्यावर आई दचकली. चेहरा लांबट झालाय, वरचे दात पुढे आलेत, हनुवटी आत गेल्यासारखी दिसते. सासूबाई म्हणतात, ‘घोरते म्हणजे गाढ झोपते, आणि हनुवटी आजोबांवर गेली आहे.’ दातांच्या डॉक्टरांनी टाळू रुंद करायचं उपकरण सुचवलंय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अ‍ॅडिनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागे वाढलेल्या मांसाच्या गाठी, काढायला सांगितलंय. वडिलांचं म्हणणं, सगळे दात येऊ देत, चौदा-पंधराव्या वर्षी तारा लावू. कोणीतरी तोंडाला चिकटपट्टी लावून झोपवायचं रील पाठवलंय. ‘मुलीची जात आहे, चेहऱ्याचा प्रश्न आहे. मी वेळेवर लक्ष दिलं नाही म्हणून हे झालं का? आणि आता आधी कोणाचं ऐकू?’ असं त्या विचारतात. तीन वर्षांचा धाकटाही सर्दी झाली की घोरतो. पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: (कधी कधी घोरता घोरता आवाज मधेच थांबतो, मग ती दचकून कूस बदलते.)

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. चेहरा, दात, हनुवटी हे शब्द जागोजागी सापडले. मुलीच्या श्वासाबद्दल मात्र एकच ओळ होती, आणि ती तुम्ही कंसात टाकली होती. मुलांचे दात आणि जबडे हेच माझं रोजचं काम, म्हणजे खरं तर चेहऱ्याबद्दलच मी आधी बोलायला हवं. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला ती कंसातलीच वाटते. तिच्यापासूनच सुरुवात करते.

‘घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. माझी आईही म्हणायची. दिवसभर राबून आलेला माणूस आडवा होतो आणि घोरायला लागतो, त्यावरून आपण ही सांगड घातली आहे, त्यामुळे सासूबाईंना दोष देऊ नका. पण घोरण्याचा आवाज येतो तो हवा अरुंद वाटेतून ओढून घ्यावी लागते म्हणून. त्या ओढीनं घशातला मऊ भाग थरथरतो. सर्दीत चार दिवस कुठलंही मूल घोरेल, त्याचं काही नाही. सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा त्याहून जास्त रात्री घोरणं चालू असेल, तर ते तपासायचं. साधारण दहातलं एक मूल असं नेमानं घोरतं. त्या सगळ्यांना आजार असतोच असं नाही. झोपेत श्वास अडण्याचा आजार, ज्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, तो शंभरातल्या एक ते पाच मुलांना असतो. तुमची मुलगी कोणत्या बाजूला आहे हे घोरण्याच्या आवाजावरून ठरत नाही. आवाज थांबतो तेव्हा काय होतं, यावरून त्याचा अंदाज येतो. म्हणून ती ओळ महत्त्वाची.

लहान मुलांमधला हा आजार वैद्यकाच्या नजरेत तसा उशिरा आला. १९७६ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिश्चन गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांची हकिगत लिहिली. त्या मुलांच्या तक्रारी वाचल्या तर आपल्याच बिल्डिंगमधल्या मुलांच्या वाटतात: शाळेत मागे पडणं, वागणं बिघडणं, दिवसा झोप येणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं. एक फरक मात्र पालकांनी ध्यानात ठेवायला हवा. मोठ्या माणसाची झोप नासली की तो दिवसा पेंगतो. लहान मूल उलट जास्त उड्या मारतं, चिडतं, एका जागी बसत नाही. बाईंच्या वहीतल्या शेऱ्यांत ‘चंचल आहे, लक्ष नसतं’ असं कधी लिहून आलंय का, ते एकदा उघडून बघा.

आता तुमच्या मूळ काळजीकडे येते. श्वासाचा आणि जबड्याच्या वाढीचा संबंध आहे का? आहे. पण रीलमध्ये सांगतात तितका सरळ नाही.

हे वाचता वाचता एक करून बघा. ओठ मिटा आणि जीभ कुठे आहे ते बघा. बहुतेक ती वरच्या टाळूला लागलेली असेल, पुढच्या दातांच्या जरा मागे. आता तोंड उघडून तोंडानंच दोन-चार श्वास घ्या. जीभ खाली पडली. वाढत्या मुलाच्या वरच्या जबड्याला आतून आधार असतो तो या जिभेचा, आणि बाहेरून गाल दाबत असतात. जीभ रात्रंदिवस खालीच राहिली तर गालांचा दाब उरतो, आतला आधार जातो. जबडा आडवा वाढायचा तो अरुंद होतो, टाळू उंच चढतो, दातांना जागा पुरत नाही. खालचा जबडा सतत लोंबता राहिल्यानं खाली आणि मागे फिरत वाढतो, आणि मग चेहरा लांब व हनुवटी आत गेल्यासारखी दिसते. 

माझ्या कपाटात मुलांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आहेत. पालकांना समजावताना मी दोन साचे त्यांच्या तळहातावर ठेवते. एकाची कमान घोड्याच्या नालेसारखी, टाळू पसरट. दुसऱ्याची कमान पुढे निमुळती होत गेलेली आणि टाळू इतका खोल की माझा अंगठा आत बसतो. टाळू म्हणजे तोंडाचं छत खरं, पण नाकाची फरशीही तोच. खालच्या घराचं छत वर आणि आत ओढलं गेलं की वरच्या घरातही दाटी होते. मग नाकाची वाट आणखी अरुंद, तोंड आणखी उघडं, असं ते चक्र फिरत राहतं.

हे निरीक्षण जुनं आहे. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला वाढणाऱ्या गाठीसारख्या मांसाचं वर्णन केलं. तेच अ‍ॅडिनॉइड्स. आरशात किंवा तोंडात डोकावून ते दिसत नाहीत. चारच वर्षांनी इंग्लंडमधले दंतवैद्य टोम्स यांनी अशा मुलांच्या अरुंद जबड्याबद्दल लिहिलं आणि ‘अ‍ॅडिनॉइड चेहरा’ हा शब्द रुळला. उघडं तोंड, आखूड वरचा ओठ, डोळ्यांखाली काळसरपणा, लांबट चेहरा. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये स्टेन लिंडर-अ‍ॅरनसन यांनी अ‍ॅडिनॉइड्स काढलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेनंतर जी मुलं नाकानं श्वास घेऊ लागली, त्यांच्या जबड्याच्या वाढीची दिशा आणि दातांची ठेवण काही अंशी सुधारत गेलेली त्यांना दिसली. ‘काही अंशी’ या शब्दांकडे डोळेझाक करू नका, आणि त्यांना घाबरूही नका.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एगिल हार्व्होल्ड यांनी माकडांच्या पिल्लांच्या नाकपुड्या बंद करून त्यांची वाढ बघितली. असे प्रयोग वाचताना मला आजही कसंसंच होतं. पण त्यातून एक गोष्ट कळली. सगळ्या पिल्लांचे जबडे एकाच साच्यातून काढल्यासारखे बदलले नाहीत. प्रत्येकानं श्वासासाठी आपापली युक्ती शोधली, कोणी जबडा खाली सोडला, कोणी जीभ पुढे काढली, आणि ज्याचं स्नायूंचं वळण जसं, तसा त्याचा जबडा वाढला. माणसाच्या मुलांचंही असंच आहे. काही मुलं वर्षानुवर्षं घोरतात आणि त्यांचा चेहरा छान वाढतो. काहींचा चेहरा लांब असतो आणि नाक अगदी मोकळं असतं, कारण आजोबांचाही तसाच होता. म्हणून सासूबाईंचं म्हणणं अर्धं मी मान्य करते. जबड्याची ठेवण रक्तातून येतेच. आणि आजोबांकडून आलेला लहान जबडा असेल तर त्या मुलीला श्वासाची वाट आधीच अरुंद मिळालेली असते, म्हणजे तिच्या घोरण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ‘आजोबांवर गेली आहे’ हे ऐकून काळजी संपवायचं कारण नाही.

फोटोंबद्दलही एक सांगते. चार वर्षांच्या आणि सात वर्षांच्या मुलाचे फोटो शेजारी ठेवले तर जवळपास प्रत्येकाचा चेहरा लांबलेला दिसतो. बाळसं उतरतं, चेहऱ्याचा खालचा भाग वाढतो. दुधाचे इवलेसे दात पडून त्या चिमुकल्या तोंडात मोठ्या माणसाच्या मापाचे पुढचे दात येतात, ते पुढे आलेलेच वाटतात. मलाही निव्वळ दोन फोटोंवरून तुमच्या मुलीबद्दल काही सांगता येणार नाही. ओठ उघडे असणं म्हणजे तोंडानं श्वास घेणं, हेही खरं नाही. ती दूरदर्शनसमोर तंद्री लावून बसली असताना, तिला न सांगता, एक थंड स्टीलचा चमचा नाकाखाली आडवा धरून बघा. दोन्ही नाकपुड्यांखाली वाफ धरली तर निदान जागेपणी तिचं नाक चालतंय.

आणि ‘मी लक्ष दिलं नाही म्हणून’? नाही. अ‍ॅडिनॉइड्स सगळ्याच मुलांना असतात, तीन ते सहा वर्षांच्या सुमाराला सर्वांत मोठे असतात आणि पुढे वयात येताना आक्रसतात. तुम्ही काही केलंत म्हणून ते वाढले नाहीत. मी तर शिकलेली, पदवी भिंतीवर लावलेली, तरी सुरुवातीच्या वर्षांत एका बारा वर्षांच्या मुलाचे दात दोन वर्षं तारा लावून सरळ केले आणि तो रात्री कसा झोपतो हे एकदाही विचारलं नाही. तारा काढल्यावर वर्षभरात दात पुन्हा गर्दी करायला लागले. तेव्हा त्याची आई सहज म्हणाली, ‘हा तर लहानपणापासून दोन उशांवर मान मागे टाकून झोपतो.’ तेव्हापासून तोंड उघडायला सांगण्याआधी मी झोपेबद्दल विचारते. तुम्ही सातव्या वर्षी विचारताय. मी तर बाराव्या वर्षीही विचारलं नव्हतं.

आता आधी कोणाचं ऐकायचं ते. माझा क्रम साधा आहे: आधी झोप, मग नाक-घसा, मग जबडा. दात सगळ्यात शेवटी.

झोपेसाठी तुमच्याकडे साधन आहेच, तुमचा फोन. दोन-तीन रात्री व्हिडिओ घ्या. पांघरूण कमरेपर्यंत खाली, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा कोन, मंद दिवा. झोप लागल्या लागल्या घेऊ नका. मुलांचा श्वास जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, आणि ती पहाटेकडे जास्त असते, म्हणून तीन-चारचा गजर लावून उठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो का, छाती आणि पोट उलटसुलट हलतात का, मान मागे टाकून हनुवटी वर करून झोपते का, कपाळाला-मानेला घाम येतो का, आवाज थांबल्यावर किती सेकंदांनी दचकते, हे बघा. सहा महिन्यांत अंथरूण ओलं झालंय का तेही लिहून ठेवा. दोन मिनिटांचा असा व्हिडिओ डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. ओठ निळसर दिसले, किंवा श्वासासाठी ती खरोखर झगडताना दिसली, तर मात्र पुढच्या भेटीची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तो व्हिडिओ घेऊन आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. उंची आणि वजन तक्त्यावर मांडायला सांगा. वजन न वाढणारी मुलंही घोरतात आणि जास्त वजनाचीही, दोघांचे उपाय वेगळे. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. अ‍ॅडिनॉइड्स किती मोठे आहेत हे दुर्बिणीनं किंवा मानेच्या बाजूच्या एक्स-रेनं बघितलं आहे का, टॉन्सिल्स कसे आहेत, आणि अ‍ॅलर्जी आहे का, हे तीन प्रश्न विचारा. तिसरा सहसा राहून जातो. तुमची मुलगी तळहातानं नाक खालून वर चोळते का? सकाळी उठल्या उठल्या पाच-सहा शिंका? तसं असेल तर ओल धरलेली भिंत, उन्हात न टाकलेली गादी, निजायच्या खोलीतली डासांची कॉइल, धूप, घरातल्या कोणाची सिगरेट, या सगळ्याकडे बघावं लागेल.

औषधांनी काही महिने बघण्याचा पर्याय खरा आहे, तो वेळकाढूपणा नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला घोरणाऱ्या मुलांवर एक चाचणी झाली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या मुलांना सहा आठवडे नाकात स्टेरॉइडचा फवारा, अर्ध्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचा. दोन्हीकडे शंभरातल्या सुमारे चाळीस मुलांचा त्रास मिटला. इतक्या साध्या गोष्टीनं! अर्थात हे डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, औषधाच्या दुकानातल्या तयार फवाऱ्यानं. घरी तांब्यातलं नळाचं पाणी नाकात घालू नका. उकळत्या पातेल्यावर वाकवून वाफ देणंही नको, त्यानं पोळलेली मुलं दवाखान्यात येतात. स्टेरॉइडचा फवारा दिला तर नाव ऐकून घाबरू नका, त्याची मात्रा फार थोडी असते. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं रोखा. मॉन्टेलुकास्ट ही अ‍ॅलर्जीवरची गोळी लिहून दिली तर मात्र तिच्या वागण्यावर आणि स्वप्नांवर लक्ष ठेवा. २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं त्या गोळीवर मानसिक परिणामांबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आहे.

शस्त्रक्रिया कधी? इथे दोन मोठ्या चाचण्यांचा आधार आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या, स्लीप अ‍ॅप्निया नक्की झालेल्या ४६४ मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. लगेच टॉन्सिल्स-अ‍ॅडिनॉइड्स काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सुधारून नॉर्मल आली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची आली. या दुसऱ्या आकड्याकडे मी पालकांचं लक्ष मुद्दाम वेधते. जवळपास निम्मी मुलं शस्त्रक्रियेशिवाय सुधारली. आणि पहिल्या आकड्यातही एकवीस टक्के उरले. लक्ष एकवटण्याच्या परीक्षेत दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही, पण वागणं, रोजचा त्रास, घरातलं जगणं सुकर झालं ते शस्त्रक्रिया झालेल्यांचं. २०२३ मध्ये सौम्य त्रासाच्या मुलांवर झालेल्या चाचणीतही जवळपास तेच चित्र दिसलं.

म्हणून माझं मत असं: आवाज थांबणं, छाती आत खेचणं स्पष्ट असेल आणि अ‍ॅडिनॉइड्स-टॉन्सिल्स मोठे असतील, तर शस्त्रक्रियेला घाबरून दिवस ढकलू नका. त्रास सौम्य असेल तर फवारा, अ‍ॅलर्जीचा बंदोबस्त आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, हा पूर्ण सन्मान्य रस्ता आहे. शंका उरली तर झोपेची रात्रभराची तपासणी करून घ्या. पुण्या-मुंबईत सोय आहे. फोन करून आधी विचारा, लहान मुलांची तपासणी नेहमी करता का? कारण मोठ्यांमध्ये श्वासाला तासाला पाचपर्यंत अडथळे नॉर्मल धरतात, मुलांमध्ये एकाहून जास्त झाले तरी ते गंभीरपणे घ्यावे लागतात. मोठ्यांचा निकष लावून ‘नॉर्मल’ असा शेरा मिळालेली मुलं मी बघितली आहेत.

‘टॉन्सिल्स काढले की प्रतिकारशक्ती जाते’ असं कोणीतरी सांगेलच. शरीरात हेच काम करणाऱ्या इतर गाठी पुष्कळ आहेत, रोजच्या आयुष्यात मुलं आजारी पडत राहतात असं होत नाही. तरीही कारणाशिवाय काढू नयेत. खरा धोका रक्तस्रावाचा, टॉन्सिल्स काढलेल्या शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो होऊ शकतो. पहिल्या दिवशी, किंवा पाचव्या ते दहाव्या दिवसांत, खपली सुटताना. त्या दिवसांत गावाला लग्नाला जायचा बेत करू नका. आणि दुखणं थांबवायला कोडीन असलेलं औषध बारा वर्षांखालच्या मुलाला चालत नाही, हे लिहून ठेवा.

आता माझ्या प्रांतातलं उपकरण. वरच्या जबड्याची दोन हाडं टाळूच्या मधोमध एका शिवणीनं जोडलेली असतात. लहान वयात ती शिवण लवचिक असते. उपकरणातल्या स्क्रूला किल्ली लावून आई किंवा बाबा घरी रोज पाव-पाव फेरा देतात. त्या पाव फेऱ्याला उपकरण साधारण पाव मिलिमीटर रुंद होतं. काही दिवसांनी पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते आणि घाबरलेल्या आयांचे फोन येतात. ती फट पडणं हेच शिवण उघडल्याचं लक्षण, पुढे ती आपोआप मिटते. ज्या मुलीचा वरचा जबडा खरोखर अरुंद आहे, म्हणजे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, तिच्यासाठी हे उत्तम उपकरण आहे, आणि अशा काही मुलींचा श्वासही सुधारतो. पण घोरते म्हणून सरसकट जबडा रुंद करणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या ऑर्थोडोंटिस्टांच्या, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टरांच्या, संघटनेनंही २०१९ च्या अहवालात जबड्यात तसा दोष असल्याशिवाय हे करू नये असंच म्हटलं आहे. तेव्हा तुमच्या दातांच्या डॉक्टरांना एकच विचारा: ‘तिच्या दाढा कशा बसतात ते मला साच्यावर दाखवाल का?’ दोष असेल तर ते दोन मिनिटांत दाखवतील. उपकरण चार-सहा महिने थांबू शकतं, तोवर नाकाचं आणि झोपेचं निस्तरून घ्या.

चार-सहा महिने थांबा म्हणते, सात वर्षं नाही. तिच्या बाबांना हे नीट समजावून सांगा, कारण त्यांचं म्हणणं एकेकाळी सगळेच सांगायचे. दात रांगेत लावायला चौदावं वर्ष चालतं. जबड्याला वळण द्यायला उशीर होतो. मुलींची वाढ मुलांच्या आधी वेग घेते, पंधराव्या वर्षापर्यंत ती शिवण बरीच घट्ट होते आणि मग हेच काम हाडात स्क्रू बसवून, क्वचित शस्त्रक्रियेनं करावं लागतं. ऑर्थोडोंटिस्टला पहिल्यांदा सातव्या वर्षी दाखवावं असं म्हणतात ते यासाठी. बहुतेकांना ‘वर्षानं या’ एवढंच सांगून आम्ही परत पाठवतो.

तोंडाला पट्टी लावू नका. ज्या मुलीचं नाक चोंदलंय तिचं तोंड म्हणजे उरलेली एकमेव वाट आहे. ती झोपेत बंद करायची कल्पनाच मला अंगावर काटा आणते. उलटी झाली, दचकून जागी झाली तर? जीभ टाळूला दाबून जबडा घडवायचे जे व्यायाम फिरतात, त्यांनी हाड बदलतं याला पुरावा नाही. नाक मोकळं झाल्यावरही सवयीनं तोंड उघडं राहात असेल, तर ओठांचे आणि जिभेचे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून घेता येतात. ते नंतरचं.

‘मुलीची जात आहे’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ते का लिहिलंत हे मला कळतं. आपल्याकडे मुलीच्या चेहऱ्याचा हिशोब फार लवकर मांडायला घेतात, आणि तो तुम्ही मांडलेला नाही. पण हे बोलणं तिच्यासमोर होत असेल तर थांबवा. माझ्याकडे एक दहा वर्षांची मुलगी यायची. हसताना प्रत्येक वेळी ओढणीचं टोक तोंडावर धरायची. दात चांगले मार्गी लागले, तरी तो हात तोंडावर जायचा राहीना. घरात कोणीतरी वर्षानुवर्षं तिला ‘सशा’ म्हणत होतं, लाडानंच. तुमच्या मुलीला डॉक्टरांकडे नेताना एवढंच सांगा की तुझं नाक रात्री नीट काम करत नाही, ते मोकळं करायला जातोय. सात वर्षांच्या मुलीला हे समजतं, आणि ते खरंही आहे. सासूबाईंना एका पहाटे व्हिडिओ काढताना शेजारी बसवा. श्वास थांबलेला प्रत्यक्ष बघितल्यावर वाद घालावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे. अनेकदा मग आजीच अपॉइंटमेंटची तारीख लक्षात ठेवते.

धाकट्याचं. तीन वर्षांचा आहे, फक्त सर्दीत घोरतो, तर सध्या काही करू नका. पण त्याच्या वयाला अ‍ॅडिनॉइड्स वाढण्याचा काळ आता सुरू होतोय. बालवाडीत जायला लागला की सर्द्याही वाढतील. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या रात्री तो घोरेल त्या तारखेला पेन्सिलीनं एक टिंब द्या, सर्दी असेल तर टिंबाभोवती गोल. तीन महिन्यांनी ते पान काढून बघा. गोल नसलेली टिंबं आठवड्याला तीन भरली, तर बहिणीच्या पुढच्या तपासणीला त्यालाही सोबत घेऊन जा.